मानपानाचा एक तास

सोपानकाका,

तुम्ही गेलात आणि तुमचं खोटं माझ्या गळ्यात पडलं. डोळे पुसता पुसता मला हेच सुचलं, आणि तुमचा रागच आला. गुंजवण्याहून शेवंतामावशींचा फोन होता. म्हणाल्या, "बचतगटातल्या बायका रविवारी देवळात जमणारेत. सोपानभाऊचा फोटो ठिवून दोन शबूद बोलायचं. आन् त्यानं आमचं तासभर शूटिंग केलं हुतं ना, नटूनथटून, ते पडद्यावर लावायचं. तुझ्याकडं असंल. घिऊन ये."

मी "हो" म्हणाले नाही आणि "नाही"सुद्धा म्हणाले नाही. "बघते," म्हणाले. हा शब्द आमच्या घरात साहेब लोकांसाठी राखून ठेवलेला आहे. निवेदन घेऊन गेलं की साहेब म्हणतो, "बघतो." फोन ठेवल्यावर आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या खोलीत गेले.

ते शूटिंग नाहीच, हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. मग मला एकटीला माहीत राहिलं. गुंजवण्याच्या बायका ज्या तासाची वाट बघत होत्या तो तास तुमच्या कॅमेऱ्यात उतरलाच नव्हता. तुम्ही बटण दाबलंच नव्हतं. आणि हे त्यांना जाऊन सांगायचं, की काहीतरी सबब काढून तुमचं नाव झाकायचं, हे माझ्यावर सोडून तुम्ही निघून गेलात.

तुमचा जन्म कधीचा, किती लग्नांचं शूटिंग केलंत, कसे गेलात, यातलं काही मी लिहीत नाही. ते सगळ्या भोरला माहीत आहे आणि तुम्हाला तर आहेच. मला तुमच्याशी राहिलेलं भांडण पुरं करायचंय.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती जाहिरातीचा द्वेष करत. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तो विषय होता. गटागटानं एखाद्या स्थानिक मालाची तीस सेकंदांची जाहिरात करायची, आधी नियोजन आणि अंदाजपत्रक लिहून द्यायचं, ते मंजूर झालं की कॉलेज पैसे देणार. मी पहिल्याच तासाला उभं राहून म्हटलं होतं की जाहिरात म्हणजे पैसे घेऊन सांगितलेलं खोटं. सर म्हणाले, छान, मग तुम्ही खरी करून दाखवा. माझ्या जोडीला भाटघरचा ओंकार होता. शेवंतामावशी त्याच्या सख्ख्या मावशी. त्यांच्या बचतगटानं ठरवलं होतं की यंदाचा इंद्रायणी तांदूळ व्यापाऱ्याला द्यायचा नाही, स्वतःच्या पिशवीत, स्वतःच्या नावानं विकायचा. पिशव्या छापून आल्या होत्या. गिऱ्हाईक आलं नसतं तर त्याच पिशव्या फोडून तांदूळ व्यापाऱ्याच्या काट्यावर घालावा लागला असता, तो म्हणेल त्या भावानं. म्हणून मी तयार झाले.

पुण्यातल्या कॅमेरावाल्यांचे आकडे ऐकून ओंकार म्हणाला, "आपल्या बाजारपेठेत सोपानकाका आहेत की." तुमच्या दुकानाच्या काचेवर नवरा-नवरीचे फोटो, आत जांभळा पडदा, त्यापुढे एक प्लास्टिकचं कारंजं. मी नाव सांगितलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत.

"म्हंजी त्या पत्रकवाल्यांची व्हय तू?"

"हो."

"तुझ्या आईबापानं मला लग्नाला बोलावलं न्हाई. रजिस्टर केलं. माझं एक गिऱ्हाईक बुडवलं." मग ओंकारकडे वळून म्हणालात, "आता पोरगी आलीया वसूल करून द्यायला."

तेव्हापासून मी तुमच्यासाठी पत्रकबाई झाले. त्यात चूक काहीच नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याला बसायला जागा करायची तर आधी गठ्ठे उचलावे लागतात. माझ्या शाळेच्या वह्यांना धरणग्रस्तांच्या मागण्यांचं कव्हर असायचं, कोरी बाजू वर करून. आई-बाबा नोकऱ्या सांभाळून पत्रकं लिहायचे आणि मी एस.टी.त ती वाटायचे. वाक्य कसं सुरू करायचं हे मी तिथंच शिकले, आणि कसं संपवायचं हे शिकायचं राहिलं, असं तुमचं म्हणणं होतं.

कारण मी जाहिरातीचं जे लिहून आणलं होतं ते तुम्ही लग्नात पंगतीला बोलावतात तसल्या आवाजात मोठ्यानं वाचलंत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. सेकंदकाटा अर्धा फिरला तेव्हा तुम्ही दुसऱ्या मागणीपाशी होतात. अजून पाच मागण्या आणि एक समारोप शिल्लक होता.

"ही जाहिरात हाय का मोर्चा?" तुम्ही विचारलंत. "आन् ह्यात तांदूळ कवा येतो?"

"शेवटी."

"शेवटपर्यंत बाईचा कुकर थांबंल का?"

ओंकार इतका हसला की मला त्याचा पण राग आला. पण खरं सांगू का, घरी जाऊन मी मागण्या खोडल्या तेव्हा पहिल्यांदाच कळलं की खोडणं हेही लिहिणंच आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ते बाजारपेठभर केलं असतं.

मग अंदाजपत्रक. मी चांगलं दोन रात्री बसून केलं होतं. प्रवास, चहा, कॅमेरा, एडिटिंग आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, मजुरी. जाहिरातीत काम करणाऱ्या प्रत्येक बाईला दिवसाची पूर्ण मजुरी. फुकट काम करून घेणाऱ्यांविरुद्ध आमच्या घरात इतका कागद खर्च झालाय की मी तरी फुकट काम करून घेणार नव्हते. तुम्ही कागद वरपासून खालपर्यंत वाचलात. नुसतं विचारलंत, "ऊन कुठं लिव्हलंय?"

"ऊन फुकट आहे, काका."

"भोरात फुकट असंल. गुंजवण्यात न्हाई. तिथं सूर्य राजगडाच्या मागं जातो लवकर. एकदा गेला की गेला. कॉलेज मंजूर करून देणार हाय का?"

आणि तुम्ही माझ्या कागदावर पैशांच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना ओढलात आणि वर लिहिलंत, वेळ. टेम्पोला किती, जागा बघायला किती, खळ्यावरच्या कामाला किती. मी बघत राहिले. आमच्या वर्गातल्या एकाही गटाच्या अंदाजपत्रकात वेळ नव्हता. सगळ्यांनी पैसेच मोजले होते, जणू दिवस कुणीतरी वाढवून देणार होतं.

बेरीज मंजूर रकमेच्या वर जायला लागली तेव्हा काहीतरी काढणं भाग होतं. एक तर बायकांची मजुरी कमी करायची, नाहीतर जादा बॅटरी आणि जादा कार्ड भाड्यानं आणायचं ते रद्द. तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी म्हातारी झाली होती. मी मजुरीला हात लावू दिला नाही. तुम्ही म्हणालात, "चालंल. हाय त्यात भागवू." आणि शेवटच्या ओळीत, माझं लक्ष नसताना, लिहिलंत: मानपान. खर्च शून्य. वेळ एक तास.

तो शब्द बघून माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, कुणाचा मान? कोण पाटील, कोण सरपंच? ज्याला त्याला हार घालायचा धंदा लग्नात ठेवा. हा सरंजामी शब्द माझ्या अंदाजपत्रकात येणार नाही. मी तो खोडला. तुम्ही शांतपणे खाली परत लिहिलात. मी परत खोडला.

"पत्रकबाई, त्या गावात कॅमेरा घेऊन मी लई येळा गेलोय. तू किती येळा गेलीस?"

"माणसाला मान द्यायला तासाचं बजेट लागत नाही."

"मग कशाला लागतं?"

मी ती ओळ तिसऱ्यांदा खोडली. पण ओंकारनं टाइप करताना ती तशीच ठेवली, आणि ती मला कॉलेजात कागद दिल्यानंतर दिसली. सरांनी तिच्याखाली लाल शाईनं लिहिलं होतं: हे शीर्षक कशात बसते? तुम्हाला ते दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यास्नी म्हणावं, कशातच बसत न्हाई, म्हणून तर येगळं लिव्हलंय."

शूटिंगचा दिवस आठवतो का? ओंकारच्या चुलत्याचा टेम्पो, मागे तुम्ही कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन, लहान मूल घ्यावं तशी. विंझरला थांबलो तेव्हा चहा अंदाजपत्रकात होता, वडापाव नव्हता. मी तत्त्व म्हणून खाल्ला नाही. तुम्ही दोन खाल्लेत आणि म्हणालात, "प्रवासात धर. मी जड झालो म्हणून टेम्पोला डिझेल जादा लागलं."

आणि मग गुंजवणं.

माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं. खळ्यावर बायका भात झोडतायत, रोजच्या विटक्या साड्या, पदर खोचलेला, घाम, तूस उडतंय, मागे किल्ला. कष्टाचं खरं रूप. टेम्पो थांबला तर खळ्यावर लग्नाचं वऱ्हाड उभं. पैठण्या, काठापदराच्या साड्या, नथी, गजरे. एका आजोबांनी फेटा बांधला होता. तान्ह्या पोराच्या डोळ्यांत काजळ इतकं की ते रडून रडून सगळ्या गालांवर आलेलं. शेवंतामावशी जरीच्या साडीत, हातात झोडायची पेंढी, कारण ओंकारनं फोनवर पेंढीचं सांगितलं होतं आणि साडीचं सांगायचं राहिलं होतं. पण त्याचा काय दोष? गावात बातमी एवढीच पोचली होती की सोपान कॅमेरा घेऊन येतोय. आणि सोपान कॅमेरा घेऊन येतो तो लग्नातच येतो.

मी भाषण सुरू केलं. मला ते आठवलं की अजून कान तापतात. तुम्ही जशा आहात तशाच सुंदर आहात, वगैरे. शेवंतामावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमी अशाबी हाओतच की, पोरी. ह्या साड्या काय शेजारणीच्या न्हाईत."

मागून एक म्हणाली, "रोजच्या लुगड्यात रोजच बघत्यात. जाहिरातीतबी त्येच?"

"पण तांदूळ पिकवताना तुम्ही पैठणी नेसत नाही ना?"

"तू कॉलेजात जाताना नेसती तशीच झोपतीस का?"

सगळं खळं हसलं. सावली किल्ल्याच्या पायथ्यापासून निघालेली दिसत होती. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पेटी उघडून कॅमेरा खांद्यावर घेतला होता आणि लग्नातला तो मोठा लाइट काठीवर चढवून ओंकारच्या हातात दिला होता, भर उन्हात. म्हणालात, "चला, मानपान उरकून घेऊ. एकेक घर पुढं या. आधी वडीलधारी."

तो तास मी कधी विसरणार नाही. एकेक घर पुढं येत होतं आणि तुम्ही प्रत्येकापुढे तेवढेच वाकत होतात, तेवढाच वेळ थांबत होतात. फेटेवाल्या आजोबांना म्हणालात, "आबा, मिश्या आल्या पायजेत फोटूत, पोट नगं." एका नव्या सुनेला हसू येईना, तर म्हणालात, "सासूकडं बघू नगं, माझ्याकडं बघ, मी बरा हाय." सासू पण हसली. पाटलाचं घर आणि गावकुसाबाहेरचं घर, दोघांना सारखाच वेळ. हे मी घड्याळ लावून बघत होते, कारण मला तुम्हाला पकडायचं होतं. पकडता आलं नाही.

आणि तास संपल्यावर, कुणी काही न सांगता, बायका घरी गेल्या आणि रोजच्या साड्या नेसून परत आल्या. पदर खोचून कामाला लागल्या. कुणी कॅमेऱ्याकडे ढुंकून बघितलं नाही. कुणी आपल्याला बघावं ही हौस फिटली होती. उरलेल्या उन्हात तुम्ही ते सगळं घेतलंत, जे माझ्या डोक्यात होतं आणि माझ्या भाषणानं कधीच आलं नसतं. शेवटी शेवंतामावशींनी पिशवी हातात घेतली. मी लिहिलेलं वाक्य त्या विसरल्या. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "शिजवून बघा. मग बोलू." माझं वाक्य गेलं ते बरंच झालं. निघताना त्यांनी सगळ्यांची मजुरी मागून घेतली, आढेवेढे न घेता, आणि मला ते फार आवडलं.

जाहिरात मोबाईलवरून पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये फिरली. ऑर्डरी आल्या. पिशव्या फोडाव्या लागल्या नाहीत. व्यापारी गावात आला तो रिकाम्या टेम्पोनं परत गेला, आणि त्या दिवशी मी तुमच्या दुकानात पेढे घेऊन आले होते. तोंडात पेढा असताना मी सहज म्हटलं, "काका, त्या मानपानाचं शूटिंग पेनड्राइव्हवर द्या ना, मावशींना देते."

तुम्ही पेढा खाऊन झाल्यावर बोललात. "ते न्हाई."

"म्हणजे? उडालं?"

"केलंच न्हाई. बॅटरीत जीव केवढा हुता, तुला ठावं हाय. तासभर तिकडं चालवली असती तर मावशीचं 'शिजवून बघा' कशावर घेतलं असतं, तुझ्या पत्रकावर?"

मग आपलं भांडण झालं. आजवरचं सगळ्यात मोठं. मी म्हटलं, तुम्ही त्या बायकांना फसवलंत. तुम्ही म्हणालात, कुणाचं काय नेलं मी? मी म्हटलं, त्यांचा विश्वास. तुम्ही म्हणालात, "मी बघितलं की त्यास्नी. डोळं लावून बघितलं. तुला वाटतं माणसाला शूटिंग पायजे असतं? निम्म्या लग्नांच्या कॅसेटी लोक एकदा बघत्यात, मग त्यावर माठ ठिवत्यात. त्यास्नी कुणीतरी थांबून बघावं एवढंच पायजे असतं."

"हे तुम्ही ठरवणार?"

"मग काय तू ठरवणार?"

"त्यांना सांगा आणि त्यांना ठरवू द्या."

यावर तुम्ही पेढ्यांचा पुडा बांधायला घेतलात. मग म्हणालात, बरं, पुढच्या खेपेला गेलो की सांगतो. पुढची खेप आली आणि गेली. मी विचारलं की तुमचं ठरलेलं, "लगीनसराई संपू दे." एकदा मी धमकी दिली की तुमच्याविरुद्ध पत्रक काढीन. तुम्ही म्हणालात, "काढ. पण फोटू चांगला लाव, मी देतो." आणि खरंच एक फोटो काढून दिलात. मी तो घेतला नाही. आता वाटतं, घ्यायला हवा होता.

तुमच्याशी भांडायची मला इतकी सवय झालीय की परवा एका साबणाची जाहिरात बघताना मला एक जबरदस्त मुद्दा सुचला. तुम्ही सहज गप्प बसला असतात असा. मी बाजारपेठेत अर्ध्या वाटेपर्यंत चालत आले आणि मग दुकानाचं खाली ओढलेलं शटर दिसलं. मुद्दा काय होता तेही विसरले. आपल्या गावात तुमच्याइतकं मनापासून ऐकून घेऊन विरोध करणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नाही. आई-बाबा माझ्या बाजूचे आहेत, त्याचा काय उपयोग?

तर रविवारी मी गुंजवण्याला गेले. एकटीच, ओंकारची परीक्षा होती. एस.टी.त सबबी जुळवत होते. कार्ड खराब झालं, कॉम्प्युटर बिघडला. प्रत्येक सबब तुमच्या आवाजात ऐकू यायची आणि पटायची, आणि म्हणूनच खोटी वाटायची.

देवळात तुमचा फोटो मांडला होता. पांढरा पडदा बांधून तयार. बायका बसल्या होत्या, मागे पुरुष. दोन शब्द झाले. सगळ्यांनी आपापल्या लग्नातली तुमची एकेक खोडी सांगितली. मग शेवंतामावशी म्हणाल्या, "आन् आता ही पोरगी आपलं शूटिंग लावंल."

मी उभी राहिले आणि सांगितलं. पत्रक वाचतात तसं नाही सांगितलं. तसं जमलंच नाही. म्हटलं, काकांनी तेव्हा बटण दाबलं नव्हतं. बॅटरी कमी होती, जाहिरातीसाठी राखायची होती. जादा बॅटरीचे पैसे आम्ही मजुरीत घातले होते. ते तुम्हाला सांगणार होते, राहून गेलं.

सगळ्या रिकाम्या पडद्याकडे बघायला लागल्या.

"म्हंजी माझी पैठणी..." कुणीतरी म्हणालं.

"मेला लबाड," शेवंतामावशी म्हणाल्या, आणि फोटोकडे बघून जीभ चावली. एक हसली. मग दुसरी. मग सगळं देऊळ हसायला लागलं आणि मला वाटलं, सुटलो आपण दोघं.

मंदाताई हसल्या नाहीत. त्या नव्या सुनेच्या सासू नाहीत, त्या दुसऱ्या. ज्यांनी आपल्या सासूबाईंना हाताला धरून तुमच्यापुढे आणलं होतं. त्या म्हणाल्या, "आमची म्हातारी गेली पावसाळ्यात. मी आज तिला बघायला आले हुते."

काका, याला तुमच्याकडे काय उत्तर होतं? आपलं भांडण मी जिंकले होते आणि मला ते अजिबात नको होतं. मी एवढंच म्हटलं, "चुकलं, मंदाताई. काकांचं चुकलं."

त्यांनी तुमच्या फोटोकडे बघितलं. मग नाक पुसलं. "त्यानं तिला म्हटलं हुतं, माय, दात न्हाईत तर न्हाईत, मोकळं हास. आन् ती हासली हुती. तेवढं हाय माझ्या ध्यानात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्याकडं मोबाईल हाय ना? मग तू काढ आता. खरं काढ. मी बघणार हाय, चालू हाय का."

बायका उठल्या. घरी जाऊन नेसून आल्या. मी फोन हातात धरला, आधी वडीलधारी म्हटलं, आणि एकेक घर पुढं आलं. मंदाताई माझ्या खांद्यामागे उभ्या राहून दर खेपेला स्क्रीनवरचा लाल ठिपका तपासत होत्या. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. मी एका आजोबांना "कृपया सरळ उभे राहा" म्हटलं तर ते कवायतीला उभे राहिल्यासारखे ताठ झाले. पण जमत गेलं. सगळ्यांना सारखा वेळ देत होते. हात दुखायला लागल्यावर कळलं की तुम्ही तो जड कॅमेरा तासभर खांद्यावर घेऊन उभे होतात, बंद.

शेवटी हौसाआजी आल्या. मागच्या खेपेला त्या लेकीकडे गेल्या होत्या, त्यामुळे त्यांचा मान राहिलेलाच होता. काठी भिंतीला टेकवून त्या दोन्ही हातांनी पदर सारखा करायला लागल्या, आणि तेवढ्यात माझा फोन बंद पडला. बॅटरी संपली. आणि चार्ज करायला देवळातली लाइट नेमकी गेलेली.

मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आजी, फोन बंद पडला. यात आता काही येणार नाही. थांबा, मी दुसऱ्या कुणाचा घेते."

"कशाला?"

"तुम्ही यात दिसायला पाहिजे ना."

"मला मोतीबिंदू हाय. मोबाईलमधलं मला काय दिसतंय?" आजी म्हणाल्या. "उन्हं चालली. धर की तसाच."

"पण आजी, बंद आहे तो."

"ऐकलं की. बहिरी न्हाई मी. धर."

मी मंदाताईंकडे बघितलं. पुढे होऊन त्यांनी आजींच्या खांद्यावरचा पदर नीट केला. मी फोन वर धरला. काळ्या काचेत काहीच नव्हतं, म्हणून मला काचेवरून पलीकडे, आजींकडेच बघावं लागलं. त्यांच्या कपाळावरचं गोंदण, नाकातली नथ थोडी वाकडी, गाल आत गेलेले, आणि हनुवटी किंचित वर, कुणी राणी उभी असावी तशी. उन्हाची तिरीप त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर आली होती. मागे सगळ्या बायका उभ्या होत्या.

"झालं का गं?" आजींनी विचारलं.

"थांबा, आजी," मी म्हटलं. "अजून थोडं."